डिग्रीचं तेवढं लिहून द्या

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, “यंदा दिल्लीतल्या मराठी माणसांच्या नोकऱ्यांवर लिहून घेतोय. सगळे निवृत्त लोक आहेत, एक तरी तिशीच्या आतली हवी. अनुभव लिही. फार तिखट नको.” मी हो म्हटलं. अनुभवाला हो म्हटलं. तिखटाचं मी काही बोलले नाही.

मला लेख लिहिता येत नाही, पत्रकं लिहिता येतात. एक पान, दोन्ही बाजू, मोठा टाइप, आणि ज्याला बोलायचंय त्याला पहिल्याच वाक्यात बोलून टाकायचं. आठ वर्षं द्वारकेतल्या एका पॉलिक्लिनिकमध्ये मेडिकल असिस्टंट आहे आणि त्यातली पाच वर्षं, दर जून-जुलैत, रविवारी सकाळी मेट्रो स्टेशनबाहेर उभी राहून पत्रकं वाटते. आम्ही चौघी आहोत, चौघीही याच कामातल्या. पत्रकाचा मथळा असतो, ‘दाख़िले से पहले पूछिए’. खाली पाच प्रश्न. सगळी फी मिळून किती? शिकवायला येणाऱ्याने हे काम स्वतः किती वर्षं केलंय? खऱ्या पेशंटला हात कधी लावायला मिळेल? मागच्या वर्षीच्या मुली आज कुठे आहेत, त्यांचे नंबर द्याल का? आणि पहिला पगार किती?

आधी कामाचं सांगते, कारण आमच्या नात्यातल्या लोकांनाही ते माहीत नाही. माझी मावशी लग्नांमधून ‘आमची नर्स’ अशी माझी ओळख करून देते. मी नर्स नाही. लॅब टेक्निशियन नाही, रिसेप्शनिस्टही नाही. तुम्ही क्लिनिकमध्ये येता, डॉक्टर तुम्हाला सात-आठ मिनिटं बघतात. त्या सात-आठ मिनिटांच्या अलीकडचं आणि पलीकडचं सगळं आमचं. वजन, बीपी, काय होतंय, कधीपासून होतंय, कुठली गोळी चालू आहे, कुठली तुम्ही स्वतःच्या मनाने बंद केली आणि डॉक्टरांना सांगणार नाही आहात. मग ईसीजी, रक्त काढणं, ड्रेसिंग, लसींच्या फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा लिहिणं, सरकारी योजनेचे आणि विम्याचे कागद. डॉक्टरांनी लिहिलेलं तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगणं हेही आमचंच.

हे शिकण्यासाठी मी करोल बागेतल्या एका इन्स्टिट्यूटला एक लाख नव्वद हजार रुपये दिले. खाली गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान, वर आम्ही साठ जणी. दोन वर्षांचा डिप्लोमा. पहिला पगार नऊ हजार. आज साडेएकवीस हजार. आकडे लपवायचे नाहीत, हे मी पत्रकांतूनच शिकले. ज्यांना आकड्यांची लाज वाटायला हवी ते लोक वेगळे आहेत.

गेल्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. स्टेशनबाहेर पत्रकं वाटता वाटता मी फोनवर आईशी भांडत होते. फोन ठेवला तर समोर एक गृहस्थ हसत उभे. इस्त्रीचा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात रेक्झिनची बॅग, शेजारी अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी.

“साताऱ्याकडची का गं तू? ‘आई, तुझं नेहमीचंच आहे’ हे त्याच सुरात म्हणालीस.”

“आई कराडची आहे, काका.”

“मग झालं. आम्ही मिरजेचे. मुजावर.”

मुजावर काका कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका केंद्र सरकारी कार्यालयात आहेत. तीस वर्षांच्या नोकरीतली बावीस वर्षं दिल्लीत. घरात दखनी, रस्त्यावर हिंदी, आणि मराठी माणूस सापडला की खणखणीत मराठी. मुलीचं नाव नाझनीन. तिला मराठी पूर्ण कळतं, बोलताना मात्र मध्येच हिंदीचा हात धरते.

काकांनी पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं. लोक सहसा तिथेच पत्रकाची घडी घालून समोशाखाली घेतात. काकांनी खिशातलं पेन काढून दुसऱ्या प्रश्नाखाली रेघ मारली.

“ही नोएडाच्या पुढच्या एका कॉलेजात ॲडमिशन घेतेय. मेडिकल असिस्टिंगची डिग्री, तीन वर्षं. चार लाख ऐंशी हजार. पीएफमधून काढायचेत, अर्ज तयार आहे. शुक्रवार शेवटची तारीख होती, पण त्यांनी आपल्यासाठी महिनाभर वाढवून दिलीय.”

“आपल्यासाठीच वाढवली, काका. सगळ्यांसाठी वेगवेगळी वाढवतात.”

मग मी माझं नेहमीचं भाषण केलं. आमच्या क्लिनिकमध्ये रितू नावाची मुलगी आहे, तिच्याकडे असलीच डिग्री आहे. तिला चौदा हजारांवर घेतलं. चार-पाच लाख घाला, तीन वर्षं घाला आणि चौदा हजार घ्या. त्याच तीन वर्षांत एखाद्या दुकानात बसलेली मुलगी तेवढ्यावर केव्हाच पोचते. ही डिग्री नाही, ही लूट आहे, असं मी म्हणाले. हे वाक्य म्हणताना माझा आवाज चढतो हे मला माहीत आहे.

 नाझनीनने पत्रक त्यांच्या हातातून घेतलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाली, “ताई, इसमें फीस है, सॅलरी है. पण काम कसं असतं ते कुठेच नाही.”

चार वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, “काम बघायचंय? शनिवारी ये. सकाळी आठला.”

खरं सांगायचं तर मी तिला घाबरवायला बोलावलं होतं. शनिवारी आमच्याकडे साठ-सत्तर पेशंट असतात. लहान मुलं रडतात, मोठी माणसं त्यांच्याहून जास्त रडतात, उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले लोक वाघासारखे डाफरतात. एक शनिवार बघितला की मुलगी बी.कॉम.ला जाईल असा माझा अंदाज होता. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी मान हलवली. पेशंटची परवानगी घ्यायची, हात कशालाही लावायचा नाही, या अटीवर नाझनीन माझ्या टेबलाशेजारी स्टुलावर बसली.

पहिले आले खुराना अंकल. ते दर शनिवारी येतात, बरोबर बीपीची तीन मशीनं घेऊन. एक स्वतःचं, एक जावयाने दिलेलं, एक वरच्या मजल्यावरच्यांचं. तिन्ही खोटं बोलतात अशी त्यांची तक्रार. आमच्या मशीनवरही आकडा वर जातो, मग तेही खोटं.

“मॅडम, डेढ़ सौ के ऊपर? हो ही नहीं सकता. मैं घर से बिल्कुल शांत आया हूँ. वो तो नीचे उस शर्मा ने फिर मेरी जगह पे गाड़ी...”

पट्ट्यात हवा भरत असते आणि अंकल पार्किंगबद्दल बोलत असतात. मी थांबले. अंकलचे दोन्ही पाय जमिनीवर टेकवून घेतले, पाठ खुर्चीला टेकवली, हात टेबलावर. “अंकल, पाँच मिनट. शर्मा जी का नाम नहीं लेना.” पाच मिनिटांनी आकडा बावीसने खाली. अंकल म्हणाले, “देखा? आज आपकी मशीन ठीक चल रही है.”

नाझनीन हसू दाबत होती. मला वाटलं, हे काही घाबरण्यासारखं झालं नाही.

अकरा वाजता एक बाई आल्या. पन्नाशीच्या, सलवार-कमीज, हातात भाजीची पिशवी तशीच. यजमान मागे. “मॅडम, गैस है. डॉक्टर साहब से एक गोली लिखवा दो, बस. लाइन में नहीं बैठूँगी.” पुढे नऊ जण होते. मी त्यांचं नाव लिहीत होते. बाई बोलता बोलता डावा जबडा चोळत होत्या, दात दुखत असल्यासारखा. एसी चालू होता, आम्ही सगळे शाल मागायच्या बेतात होतो, आणि बाईंच्या वरच्या ओठावर घाम होता.

मी पेन खाली ठेवलं. “आंटी, गोली बाद में. पहले इधर लेटिए.”

ईसीजी काढायला मला तीन मिनिटं लागतात. रांगेतला एक जण ओरडला की आम्ही सकाळपासून बसलोय, यांची ओळख आहे म्हणून का? यजमान म्हणाले, गैस के लिए ईसीजी? इसका अलग से लगेगा? मी वायरी लावत राहिले. कागद बाहेर यायला लागला आणि तिसऱ्या ओळीलाच मला कळलं. ईसीजी वाचून निदान करणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण कुठला कागद टेबलावर ठेवायचा आणि कुठला घेऊन पळायचं हे कळणं माझं काम आहे. मी दार न वाजवता आत गेले. डॉक्टर एका मुलाच्या घशात बघत होते. त्यांनी कागद पाहिला आणि टॉर्च त्या मुलाच्या हातातच देऊन बाहेर आले. गोळी चघळायला दिली. रितूने ॲम्ब्युलन्स बोलावली. पंचवीस मिनिटांत बाई हॉस्पिटलमध्ये होत्या.

त्या वाचल्या. दीड महिन्याने मिठाई घेऊन आल्या, डॉक्टरांच्या पाया पडल्या. जाताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आप वो रिसेप्शन वाली हो ना?” मी हो म्हटलं. बर्फी बरी होती.

त्या शनिवारी दुपारी नाझनीनने दोन घासांवरच डबा बाजूला ठेवला. मला वाटलं, घाबरली एकदाची. मग म्हणाली, “ताई, तुम्हाला कसं कळलं?”

“जबडा. आणि घाम.”

“हे इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं?”

इथे मी खोटं बोलू शकले असते. पण पत्रकं वाटणाऱ्या माणसाला ती सोय नसते. मी तिला दुसरीच गोष्ट सांगितली, जी मी फार जणांना सांगितलेली नाही.

करोल बागेत आम्हाला परीक्षेसाठी ट्रे मांडायला शिकवायचे. रक्ताच्या नळ्या ओळीत, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी आधीच चिकटवलेली, चिठ्ठ्या एका रेषेत. ट्रे सुंदर दिसायचा. परीक्षक लांबूनच बघून मार्क द्यायचे, कारण खरं रक्त काढायला तिथे कोणी नव्हतंच. साठ मुलींमध्ये एक रबराचा हात होता आणि त्याचा अंगठा तुटलेला होता. मी ट्रेमध्ये पहिली आले होते.

नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात मी तसाच सुंदर ट्रे मांडून बसले. उपाशीपोटी साखर तपासायला दोन गृहस्थ आले होते, साधारण एकाच वयाचे. पहिल्याचा फोन वाजला, तो बाहेर गेला. दुसरा येऊन खुर्चीत बसला. मी ट्रेमधली पुढची नळी उचलली, पहिल्याच्या नावाची, आणि दुसऱ्याचं रक्त त्यात भरलं. मग पहिला आला, त्याचं रक्त दुसऱ्याच्या नळीत. मला काहीही कळलं नाही. ट्रे रिकामा झाला, सगळं नीटनेटकं.

संध्याकाळी रिपोर्ट आले. दुसरा गृहस्थ जुना डायबेटिसवाला, त्याची साखर एकदम नॉर्मल. तो आनंदात मला म्हणाला, “मैं तो कब से कह रहा हूँ, दवाई की ज़रूरत ही नहीं. आज से बंद.” तो जिना उतरायला लागला आणि मला सकाळचा फोन आठवला, बाहेर जाणारा माणूस आठवला.  मी जिन्यात धावत जाऊन त्याला थांबवलं. मग डॉक्टरांच्या खोलीत जाऊन सांगितलं की मी चूक केली आहे. वाटलं, नोकरी गेली. डॉक्टर म्हणाले, “बताया, ये ठीक किया. दोनों को बुलाओ, दोबारा लो.” दोघांची माफी मी मागितली. पहिल्याने मला पाच मिनिटं सुनावलं, त्याचा हक्क होता.

त्या दिवसापासून चिठ्ठी रक्त काढल्यावरच, पेशंटच्या समोर, त्याच्याच तोंडून त्याचं पूर्ण नाव वदवून. खुराना अंकलना मी सात वर्षं ओळखते, त्यांनाही दर वेळी विचारते, “अंकल, नाम?” ते दर वेळी चिडतात.

“कळलं?” मी नाझनीनला म्हटलं. “एक लाख नव्वद हजार भरून मला ती चूक शिकवली गेली. ती चूक कशी करू नये हे मला इथे फुकट कळलं.”

ती म्हणाली, “मग मी डायरेक्ट इथेच येऊ का?”

“कागदाशिवाय कोणी घेणार नाही. घेऊही नये. माझा वाद कागदाशी नाही, त्याच्या किमतीशी आणि त्यामागच्या रिकाम्या वर्गाशी आहे.”

पुढच्या शनिवारी ती पुन्हा आली. मी बोलावलं नव्हतं. आल्या आल्या तिने रितूला विचारलं, डिग्रीच्या तीन वर्षांत किती जणांचं रक्त काढलंस. रितू म्हणाली, “यार, सच बताऊँ? चार. उनमें से दो हम ही थे, एक-दूसरे का.”

त्या आठवड्यात मुजावर काकांचा फोन आला. “पोरी, हिचं मन याच कामावर बसलंय. आता दुसरं काही ऐकायला तयार नाही. आणि माझं म्हणशील तर, आमच्या घरात अजून कोणी ग्रॅज्युएट नाही. मी बारावीवर लागलो. भाऊ, बहिणी, कोणी नाही. शनिवारी संध्याकाळी कॉलेजात बोलावलंय. तू ये बरोबर. मोठी बहीण म्हणून ये.”

माझ्या पत्रकाच्या बरोबर उलटं झालं होतं. मी मुलीला कामापासून घाबरवायला गेले आणि तिला काम आवडलं, आणि आता तिचा बाप त्या आवडीचे चार लाख ऐंशी हजार भरणार होता.

कॉलेज भव्य होतं. काचेची इमारत, आत गारेगार, प्रत्येकाला ज्यूसचं पाकीट. काउन्सेलर मॅडम माझ्याच वयाच्या, गोड, हातात टॅबलेट. “अंकल जी, आपकी बेटी तो कॅमेरे वाली स्माइल लेके पैदा हुई है, हेल्थकेअर में यही चाहिए.” मग त्यांनी लॅब दाखवली. रबराचा हात होता, अंगठाही शाबूत होता. फक्त त्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. ईसीजी मशीनमध्ये कागदाचा रोलच नव्हता. मी विचारलं, “रोल कहाँ है?” मॅडम म्हणाल्या, “सेशन शुरू होते ही आ जाएगा.”

मी मग पाचही प्रश्न विचारले. मोठी बहीण जरा जास्तच विचारते आहे हे त्यांना कळलं. “मॅम, आप इसी फील्ड में हैं?” मी हो म्हटलं, सात वर्षं. त्यांचा चेहरा बदलला, पण मला वाटला होता तसा नाही. त्या खूश झाल्या.

“तो आप हमारे यहाँ फैकल्टी क्यों नहीं आ जातीं? अट्ठाईस से स्टार्ट है. पीपीटी सब बनी हुई है, आपको बस पढ़नी है.”

अठ्ठावीस. साडेसहा हजार जास्त, उभं राहणं कमी, उन्हाळ्याची सुट्टी. खोटं कशाला बोलू, मी मनात घरभाड्यातून ते वजा करून पाहिलं. आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली. खरा पेशंट सांभाळणारीला साडेएकवीस आणि पेशंट कधीच न दाखवता असिस्टंट बनवणारीला अठ्ठावीस. या धंद्यात काम करण्यापेक्षा कामाचं नाव विकणं महाग आहे. मी तोंड उघडलं, स्टेशनबाहेर उघडते तसं. पण काका माझ्याआधी बोलले.

ते इतका वेळ काही बोललेच नव्हते. ज्यूसही प्याले नव्हते. रेक्झिनच्या बॅगेवर एक फुलस्केप कागद ठेवून लिहीत होते.

“मॅडम, आपने जो-जो बताया, वो मैंने नोट कर लिया है. एक बार देख लीजिए. ठीक हो तो नीचे साइन कर दीजिए, तारीख के साथ.”

ज्यांच्या घरात केंद्र सरकारची नोकरी आहे त्यांना हे लगेच कळेल. आमच्या या काकांसाठी जे फाइलवर नाही ते घडलेलंच नाही. बैठक झाली की तिचा वृत्तांत, फोन झाला की त्याची नोंद. तीस वर्षं हेच केलेला माणूस. कागदावर हिंदीत, सुवाच्य अक्षरात, परिच्छेदांना आकडे देऊन, मॅडमचं एकेक वाक्य उतरवलेलं होतं: शंभर टक्के प्लेसमेंट, तीही मोठ्या हॉस्पिटलांत. सुरुवातीला तीस ते पस्तीस हजार. दुसऱ्या वर्षापासून रोज हॉस्पिटलात प्रशिक्षण. नर्सच्या बरोबरीचा दर्जा. एकूण फी चार लाख ऐंशी हजार, प्रवेशाच्या वेळी निम्मी.

मॅडम हसल्या. “अंकल जी, हम ऐसे साइन नहीं करते.”

“क्यों? कुछ ग़लत लिखा है?”

“नहीं, ग़लत तो नहीं...”

“फिर? आपकी ही बात है. मेरी तो एक भी लाइन नहीं.”

मॅडमनी सरांना बोलावलं. सर आले, टाय लावलेले, घाईत. त्यांनी कागद वाचला आणि सवयीने पेन काढलं. काका खुर्ची पुढे ओढून बसले, साहेबाने मसुदा दुरुस्त करताना बसतात तसे. सरांनी ‘शंभर टक्के’ खोडलं, वर ‘सहायता’ लिहिलं. ‘मोठ्या’ खोडलं, मग ती अख्खी ओळच खोडली. पगाराच्या ओळीवर थांबले, मग पूर्ण ओळ खोडली. ‘रोज’ खोडून ‘उपलब्धतेनुसार’. मग ती ओळही खोडली. नर्सच्या बरोबरीची ओळ वाचून मॅडमकडे बघितलं, आणि दोन आडव्या रेघा मारल्या.

काकांनी कागद परत घेतला, चष्मा वर केला, शांतपणे वरपासून खालपर्यंत वाचला.

“सर, अब इसमें एक ही लाइन बची है,” ते म्हणाले. “फीस वाली.”

 काकांनी त्या ओळीखाली बोट ठेवलं. “इसपे साइन करेंगे?” सर म्हणाले, उसकी तो रसीद मिलेगी ना. काकांनी आभार मानले, कागदाची नीट घडी घातली, बॅगेत ठेवली आणि मराठीत म्हणाले, “चला.”

मी चार वर्षं ओरडून जे सांगत होते ते या माणसाने आवाज न चढवता, त्यांच्याच पेनाने त्यांच्याकडून खोडून घेतलं.

नोएडापासून द्वारकेपर्यंत ब्लू लाइनवर गाडी बदलावी लागत नाही, पण वेळ भरपूर लागतो. मला वाटलं होतं काका खुशीत असतील. ते खिडकीबाहेर बघत होते. तसेच म्हणाले, “अम्मीला सांगितलं होतं मिरजेला. नात ग्रॅज्युएट होणार म्हणून.”

नाझनीन म्हणाली, “अब्बा, मला काम हेच करायचंय. डिग्री नंतर बघू. ताई सांगतात, सरकारी हॉस्पिटलमध्ये दोन वर्षांचा डिप्लोमा असतो. एंट्रन्स आहे, सीटा थोड्या. पण पहिल्या दिवसापासून वॉर्डमध्ये उभं करतात.”

“आणि नाही लागला नंबर?”

“तर पुढच्या वर्षी.”

काकांनी बॅग उघडली, तोच कागद काढला, उलटा केला आणि पेनासकट माझ्या मांडीवर ठेवला.

“त्यांचं झालं. आता तू लिही. तू दर रविवारी लोकांना नको नको म्हणून सांगतेस, आणि सोमवारी त्याच कामावर जातेस. ही माझी एकुलती एक मुलगी आहे. तिला या कामात घालू का नको, तेवढं लिहून दे. आणि खाली सही.”

माझ्या पत्रकांवर माझी सही कधीच नसते. तिथे आम्हा चौघींच्या समितीचं नाव असतं, छापखान्याचं असतं. दोन स्टेशनं गेली तरी मी पेन धरून बसले होते. पत्रकातलं वाक्य लिहावंसं वाटेना. मग गाडीच्या हेलकाव्यात, वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं:

‘मी सात वर्षं मेडिकल असिस्टंट आहे. शिकायला एक लाख नव्वद हजार लागले, ते फार होते. आज साडेएकवीस हजार मिळतात, ते कमी आहेत. या पैशात दिल्लीत एकटीला राहता येतं, दुसऱ्या कोणाला सांभाळता येत नाही. लोक नाव विसरतात. चूक झाली तर माणसाच्या जिवाशी गाठ असते, म्हणून चूक कबूल करण्याची सवय लागते. मला हे काम नीट येतं. मी ज्या खोलीत असते तिथे माणूस एकटा घाबरत बसत नाही. पुन्हा निवडायचं झालं तर मी हेच काम निवडेन, ती फी पुन्हा भरणार नाही. नाझनीनला या कामात घाला. त्या कॉलेजात घालू नका.’

खाली सही केली. पूर्ण नाव, तारीख.

काकांनी वाचलं. एका ठिकाणी वेलांटी दुरुस्त केली. मग वाचलं पुन्हा, आणि कागद खिशात ठेवला, बॅगेत नाही.

पीएफचा अर्ज गेला नाही. नाझनीनने त्या वर्षी परीक्षा दिली, नंबर लागला नाही. वर्षभर तिने अभ्यास केला, आजीसाठी म्हणून घरबसल्या बी.ए.चा अर्जही भरला, आणि दर शनिवारी आमच्या स्टुलावर येऊन बसली. यंदा दुसऱ्या यादीत तिचं नाव आलं. दोन वर्षांची तिची सगळी फी त्या कॉलेजच्या नुसत्या बसच्या पैशांहून कमी आहे.

गेल्या महिन्यात काकांचा फोन आला. त्यांच्या ऑफिसातल्या दोघांच्या मुली बारावीला आहेत, त्या दोघांनी माझ्या त्या कागदाची झेरॉक्स मागितली होती.

“देऊ का? तुझी सही आहे त्यावर. तुला विचारल्याशिवाय बरं नाही.”

“द्या,” मी म्हटलं.

“पगाराच्या ओळीवर चिठ्ठी लावून काढतो. तुझ्या क्लिनिकवाल्यांच्या हातात पडला तर उगाच तुला त्रास.”

“काही झाकू नका, काका. पडू दे त्यांच्या हातात. त्यांनीही वाचावा.”